ग्रंथालयातील पुस्तक आणि रस्त्यावरील जागा : डिजिटल तंत्रज्ञान आणि ‘उपलब्धते’चा प्रश्न

बीजसंज्ञा : ग्रंथालय, वाहनतळ, तालिका, संवेदक, परवाना, उपलब्धता

प्रस्तावना

एम.फिल.च्या संशोधनकाळात प्रस्तुत लेखिकेचे शहरातील एका जुन्या संशोधन ग्रंथालयात नियमित जाणे होत असे. ग्रंथालयाच्या गल्लीत सम-विषम तारखेची पाटी पाहून दुचाकी लावण्यासाठी दोन-तीन फेऱ्या घालाव्या लागत. आत गेल्यावर संगणकाच्या पडद्यावर हवे ते पुस्तक ‘उपलब्ध’ असे दिसे. प्रत्यक्ष मांडणीवर मात्र ते सापडत नसे. एका पुस्तकासाठी असे तीन आठवडे गेले. अखेर ते वाचनकक्षातील एका कपाटात, भलत्याच वर्गांकाखाली मिळाले. या दोन त्राग्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर काम करताना संगणकीकरणाचे प्रस्ताव, दरपत्रके आणि करारनामे वाचनात आले. त्याच सुमारास महानगरांतील ‘स्मार्ट पार्किंग’विषयीची चर्चाही कानी पडत होती. दोन्हींचे वर्णन करणारी भाषा आश्चर्य वाटावे इतकी सारखी होती. दोन्ही ठिकाणी एखादी मर्यादित व सामायिक वस्तू असते, अनेकांना ती थोड्या थोड्या काळासाठी हवी असते आणि ती या क्षणी कोठे मोकळी आहे हे कळणे हीच मुख्य अडचण असते. ग्रंथालयात ती वस्तू ग्रंथ असतो, रस्त्यावर ती वाहन उभे करण्याची जागा असते.

डिजिटल तंत्रज्ञानाने या दोन क्षेत्रांत नेमके काय बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तंत्रज्ञानाने रस्त्यावर एकही नवी जागा निर्माण होत नाही. तेथील टंचाई खरी आहे आणि तंत्रज्ञान ती केवळ दृश्य करते. ग्रंथालयात मात्र डिजिटल प्रतीमुळे टंचाईच नाहीशी होण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. ती शक्यता प्रत्यक्षात येण्याऐवजी करारपत्रांच्या आधारे टंचाई पुन्हा घडविली गेली. महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण अशा करारांवर सह्या करणाऱ्या समित्यांवर आपणच बसलेले असतो.

शोधण्यात जाणारा वेळ

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्यासंबंधीचे आहे. मुक्तद्वार मांडणी, सुबोध वर्गीकरण व विषयवार तालिकापत्रे यांचा पुरस्कार त्यांनी केला, त्यामागे हाच विचार होता. पुस्तक ग्रंथालयात आहे, पण ते शोधण्यास तास लागतो, तर त्या वाचकापुरते ते जवळजवळ नाहीच, असे या सूत्राचे तात्पर्य सांगता येईल.

वाहनतळांच्या क्षेत्रात हाच विचार फार उशिरा आला. रस्त्यावरील पहिला पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे बसविण्यात आला. त्याचा हेतू एकाच वाहनाने दिवसभर जागा अडवू नये, इतकाच होता. जागा शोधण्यात किती वेळ आणि किती इंधन जाते, याचा पद्धतशीर विचार पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी केला. ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हा त्यांचा ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले. निरनिराळ्या शहरांत १९२७ ते २००१ या काळात झालेल्या पाहण्या त्यांनी एकत्र केल्या. त्यांत गर्दीच्या भागातील सरासरी ३० टक्के वाहने केवळ जागेच्या शोधात फिरत होती आणि जागा मिळण्यास सरासरी ८ मिनिटे लागत होती, असे दिसून आले. ३० टक्क्यांचा हा आकडा पुढे कोणत्याही शहराविषयी बेधडक वापरला जाऊ लागला. वस्तुतः या पाहण्या जेथे अशी भटकंती होते हे आधीच ठाऊक होते, अशाच ठिकाणी झाल्या होत्या आणि स्वतः शूप यांनी ही मर्यादा नमूद केली आहे. आपल्याकडील अहवालांत हा आकडा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

एकच चिप, दोन वाटा

दोन्ही क्षेत्रांतील साम्य केवळ विचारापुरते नाही. यंत्रणेतही ते आढळते. आज अनेक ग्रंथालयांत पुस्तकाच्या आतील बाजूस चिकटविलेली पातळ पट्टी आणि मोटारीच्या पुढील काचेवरील ‘फास्टॅग’ या दोन्ही मुळात एकाच तत्त्वावर चालणाऱ्या वस्तू आहेत. या तंत्राला रेडिओ-लहरींद्वारे ओळख किंवा ‘आरएफआयडी’ असे म्हणतात. पट्टीत एक सूक्ष्म चिप व तिच्याभोवती धातूचा तंतू असतो. तिला स्वतःची बॅटरी नसते. वाचक-यंत्राने सोडलेल्या लहरींतूनच चिपला क्षणभर पुरेल इतकी ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठविते.

फरक आहे तो लहरींच्या वारंवारितेचा. ग्रंथालयांत प्रामुख्याने १३.५६ मेगाहर्ट्‌झची पट्टी वापरली जाते व ती हातभर अंतरावरून वाचता येते. चार पुस्तके एकावर एक ठेवली तरी यंत्र चारही क्रमांक एकदम वाचते, ही बारकोडच्या तुलनेत तिची मोठी सोय होय. बारकोडसाठी प्रत्येक पुस्तक उघडून किरणासमोर धरावे लागते. ‘फास्टॅग’ मात्र अतिउच्च वारंवारितेवर चालतो, त्यामुळे तो काही मीटर अंतरावरून वाचता येतो. राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठी तो फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला. वाहनतळांवरही त्याचा वापर सुरू झाला आहे. हैदराबादच्या विमानतळावर २०१९ मध्ये आणि दिल्लीतील काश्मिरी गेट मेट्रो स्थानकाच्या वाहनतळावर २०२१ मध्ये ही सोय करण्यात आली.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत ग्रंथालये वाहनतळांच्या पुष्कळ पुढे आहेत, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे. ग्रंथालयीन नोंद यंत्राला वाचता यावी यासाठीचा ‘मार्क’ हा आराखडा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्रम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकातच तयार झाला होता. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ या लहानशा भागातील ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली सन २००० च्या उंबरठ्यावर निकामी होण्याची भीती होती. त्या गरजेतून ‘कोहा’ ही मुक्तस्रोत प्रणाली जन्मास आली व जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. आज भारतातील असंख्य महाविद्यालये ती विनामूल्य वापरतात. ‘इन्फ्लिबनेट’ने विकसित केलेल्या ‘सोल’ या प्रणालीची पहिली आवृत्तीही २००० मधलीच. तिसरी २०२१ मध्ये आली. अशा सामायिक परंपरेमुळे एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी घेता येते. वाहनतळांच्या क्षेत्रात अशी परंपरा रुजलेली नाही. एका कंत्राटदाराच्या अ‍ॅपमधील माहिती दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही आणि कंत्राट बदलले की बहुधा मागील नोंदीही जातात.

‘उपलब्ध’ या शब्दाचा अर्थ

आरंभी सांगितलेल्या अनुभवाकडे येथे वळू. संगणक पुस्तक ‘उपलब्ध’ असल्याचे सांगतो, तेव्हा त्याला मांडणीवरील पुस्तक दिसत नसते. त्याच्याजवळ एवढीच माहिती असते की, पुस्तक देण्याची शेवटची नोंद झाल्यावर ते परत आल्याचीही नोंद झाली आहे. दोन नोंदींवरून त्याने काढलेले ते अनुमान असते. पुस्तक चुकीच्या कपाटात गेले, कोणी मुद्दाम मागे दडवून ठेवले किंवा पानांसह वाळवीने खाल्ले, तरी पडद्यावर ते ‘उपलब्ध’च राहते. वार्षिक साठा पडताळणी झाली तरच ही तफावत उघड होते. परीक्षेच्या काळात मुलांनी दडविलेली संदर्भपुस्तके ज्यांनी शोधली आहेत, त्यांना अधिक सांगणे नलगे.

वाहनतळावरील संवेदकाचे काम याहून वेगळे असते. तो व्यवहार न नोंदविता स्थितीच मोजतो. रस्त्यात पुरलेला चुंबकीय संवेदक वरील वाहनाच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपतो. मॉलच्या तळघरातील छताला लावलेला संवेदक श्राव्यातीत ध्वनी सोडून प्रतिध्वनी येण्यास लागणारा वेळ मोजतो. म्हणूनच तेथे हिरवा किंवा लाल दिवा दिसतो. बंदिस्त वाहनतळात याहूनही साधा मार्ग असतो : आत गेलेली वाहने वजा बाहेर पडलेली वाहने.

या तंत्राचा सर्वांत गंभीर व मोकळेपणाने तपासला गेलेला प्रयोग सॅन फ्रान्सिस्को येथे २०११ ते २०१३ या काळात झाला. ‘एसएफपार्क’ या नावाच्या त्या प्रकल्पात सुमारे ७,००० मीटर असलेल्या जागा आणि महापालिकेच्या बहुमजली वाहनतळांतील १२,२५० जागा समाविष्ट होत्या. प्रत्येक गल्लीतील ६० ते ८० टक्के जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे येणाऱ्याला एखादी मोकळी जागा हमखास मिळावी, हे उद्दिष्ट होते. गल्ली सदैव भरलेली राहिली तर काही आठवड्यांनी दर थोडा वाढवायचा, रिकामी राहिली तर उतरवायचा, असा साधा नियम होता. दर सर्वत्र भडकतील ही भीती अनाठायी ठरली. प्रायोगिक भागात रस्त्यावरील सरासरी दर ४ टक्क्यांनी व बहुमजली वाहनतळांतील दर १२ टक्क्यांनी उतरला. जागा शोधण्यास लागणारा वेळ सुमारे ४३ टक्क्यांनी घटल्याचे वाहनचालकांच्या पाहणीत आढळले. मोजणीपूर्वी अनेक गल्ल्यांतील दर गरजेपेक्षा चढे होते, हे कोणाला ठाऊकच नव्हते.

पुढची घटना ग्रंथालयाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. रस्त्यात पुरलेल्या संवेदकांचे आयुष्य संपत आले आणि २०१३ च्या अखेरीस ते बंद करण्यात आले. त्यानंतर मीटरवर भरलेल्या पैशांवरून किती जागा भरल्या असतील याचे अनुमान काढले जाऊ लागले आणि दर त्यावरून ठरू लागले. याचा अर्थ असा की, स्थिती मोजण्याचा महागडा मार्ग सोडून ते शहर व्यवहारांच्या नोंदीवरून अनुमान काढण्याकडे वळले. ग्रंथालयातील देवघेव विभाग हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. दोन-अडीच वर्षे प्रत्यक्ष मोजणी केल्यामुळे ते अनुमान कितपत चुकते हे त्यांना ठाऊक होते, एवढाच काय तो फरक. आपल्या ग्रंथालयांत साठा पडताळणीचा अहवाल फाइलीत जातो. ‘उपलब्ध’ म्हणून दाखविलेल्या शंभर पुस्तकांपैकी किती खरोखर जागेवर होती, हा साधा हिशेब त्यातून क्वचितच काढला जातो.

भारतीय शहरांत संवेदकांपुढे आणखी एक अडचण आहे. आखलेली चौकट व तीत एक मोटार, हे त्या तंत्राचे गृहीतक असते. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात एका मोटारीच्या जागी पाच-सहा दुचाकी तिरप्या लागतात, कोणीतरी मधली दुचाकी ओढून बाजूला करतो आणि सातवी आत सरकवतो. ‘जागा’ हे एककच जेथे स्थिर नाही, तेथे रिकाम्या जागांची संख्या सांगणार तरी कशी? पुणे महानगरपालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले. त्याला तीव्र विरोध झाला व रस्त्यावरील सशुल्क वाहनतळांची कल्पना निवडक रस्त्यांपुरती आकसली. मुंबईत जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा उभ्या केलेल्या मोटारीस १०,००० रुपये दंड जाहीर झाला. दोन्ही ठिकाणी वाद तंत्रज्ञानाचा नव्हताच. रस्त्यावरील जागा फुकट असणे हा हक्क आहे की सवलत, हा तो वाद होता.

मराठी नोंदींची दुखरी बाजू

मोकळी जागा शोधताना जागेचे नाव काय, असा प्रश्न उद्भवत नाही. पुस्तक मात्र नावानेच शोधावे लागते आणि मराठी ग्रंथांच्या बाबतीत येथेच घोडे अडते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या ग्रंथांची शीर्षके जुन्या अनुस्वारांसह छापलेली आहेत. तालिकाकाराने ती जशीच्या तशी उतरविली असतील तर आजचा विद्यार्थी नव्या लेखनाने शोधतो व त्याला काहीच मिळत नाही. ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’, ‘विष्णू’ आणि ‘विष्णु’ ही संगणकाच्या लेखी निरनिराळी माणसे असतात.

त्यातही एक बारकावा असा आहे की जो डोळ्यांना दिसतच नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकलिखित होऊ शकतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण आतील संकेतांक वेगळे असतात. त्यामुळे एका रूपाने नोंदविलेले शीर्षक दुसऱ्या रूपाने शोधल्यास, प्रणालीत त्याची खास तजवीज केलेली नसेल तर, सापडत नाही. शोधणाऱ्याने काहीही चूक केलेली नसते. युनिकोडपूर्व काळात निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये भरलेल्या नोंदींची कथा तर याहून करुण आहे. त्या नव्या संगणकावर निव्वळ चिन्हांचा ढीग म्हणून उरल्या. अनेक महाविद्यालयांनी यावर रोमन लिपीत मराठी शीर्षके लिहिण्याचा तोडगा काढला. मग ‘शिवाजी’मधला ‘श’ एक जण ‘एस’ने तर दुसरा ‘एसएच’ने लिहितो आणि गोंधळ कायम राहतो. लेखकनामांची प्रमाणित यादी करून तीच सर्व नोंदींत वापरणे हा यावरचा उपाय आहे. तो जुना, कंटाळवाणा आणि माणसाने बसून करण्याचा आहे. संगणकीकरणाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद केलेली मात्र सहसा आढळत नाही.

मालकी की परवाना?

छापील पुस्तकाची एक प्रत एका वेळी एकच वाचक नेऊ शकतो. मोटारीच्या जागेचेही तसेच. डिजिटल ग्रंथाला ही भौतिक मर्यादा नाही. एकच फाइल हजार वाचकांना एकाच वेळी देता येते. तरीही ई-पुस्तके पुरविणाऱ्या अनेक प्रकाशकांचा नियम ‘एक प्रत, एक वाचक’ असाच असतो. दुसऱ्या विद्यार्थ्याला पडद्यावर ‘सध्या उपलब्ध नाही’ असे दिसते आणि तो पहिल्याची मुदत संपण्याची वाट पाहतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये अमेरिकेतील ग्रंथालयांसाठी याच्याही पुढचे पाऊल टाकले : ई-पुस्तक २६ वेळा दिले गेले की परवाना संपला, पुढे हवे असल्यास नव्याने पैसे भरावेत. छापील पुस्तक झिजते, म्हणून डिजिटल पुस्तकालाही करारातून झीज लावण्यात आली.

ग्रंथालयाने विकत घेतलेले छापील पुस्तक स्वतः डिजिटल करून एका वेळी एकालाच द्यावे, असा मध्यममार्ग इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने अवलंबिला होता. करोनाच्या आरंभी, २०२० च्या मार्चमध्ये, तिने ‘एकालाच’ ही अट काही काळ शिथिल केली आणि प्रकाशकांनी त्याच वर्षी तिच्यावर दावा दाखल केला. अमेरिकी न्यायालयाने २०२३ मध्ये संस्थेविरुद्ध निर्णय दिला. अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो कायम केला व तो केवळ शिथिल केलेल्या काळापुरता मर्यादित ठेवला नाही. एका वेळी एकालाच देण्याची मूळ पद्धतही त्यात अमान्य ठरली. भारतातील प्रताधिकार कायदा वेगळा असल्याने तो निर्णय येथे बंधनकारक नाही, परंतु आपल्याला पुस्तके पुरविणारे प्रकाशक बहुतांशी तेच आहेत.

मालकीच्या जागी परवाना आला म्हणजे काय होते, हे वाहनतळांच्याच एका उदाहरणातून लख्ख दिसते. शिकागो महापालिकेने डिसेंबर २००८ मध्ये रस्त्यावरील सुमारे ३६,००० मीटर असलेल्या जागा ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी गटाकडे सोपविल्या आणि त्याबदल्यात सुमारे १.१५ अब्ज डॉलर एकरकमी घेतले. प्रस्ताव आल्यापासून काही दिवसांतच नगरपरिषदेने त्यास मान्यता दिली. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला की, या व्यवहारात शहराने सुमारे ९७ कोटी डॉलर कमी घेतले. पैशापेक्षाही करारातील एक कलम अधिक बोलके आहे. रस्ता दुरुस्तीसाठी अथवा मिरवणुकीसाठी काही जागा बंद ठेवाव्या लागल्या, तर ठरलेल्या मर्यादेपलीकडील नुकसान शहराने कंपनीला भरून द्यायचे. आपल्याच रस्त्यावर सायकलमार्ग आखायचा तर शहराला आधी हिशेब करावा लागतो. ७५ वर्षांची मुदत २०८० च्या दशकात संपेल.

हे उदाहरण समोर ठेवून आपल्याकडील नियतकालिकांच्या वर्गणीकडे पाहावे. महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एन-लिस्ट’ या योजनेने अल्प शुल्कात हजारो नियतकालिके व ई-ग्रंथ खेड्यापाड्यांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचविले, हे तिचे मोठेच कार्य होय. प्रस्तुत लेखिकेच्या संशोधनातील निम्मे संदर्भ त्या योजनेशिवाय मिळाले नसते. त्यानंतर २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस मंजुरी दिली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था, असे तिचे जाहीर केलेले स्वरूप आहे. मंजुरीच्या वेळी ती केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी जाहीर झाली. ग्रामीण भागातील बरीचशी महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची असून अनुदानित आहेत. त्यांना या व्याख्येकडे बारकाईने पाहावे लागते.

एवढ्या मोठ्या व्यवहाराचे स्वागत करतानाही एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे : वर्गणी थांबली तर मागील अंकांचे काय? छापील नियतकालिकाची वर्गणी बंद केली तरी आधीच्या वर्षांचे बांधीव खंड कपाटात राहतात. डिजिटल वर्गणीत ते राहतीलच असे नाही. वर्गणी भरलेल्या वर्षांचे अंक कायमचे वाचता येण्याची हमी करारात असू शकते, पण ती मागून घ्यावी लागते व शब्दांत लिहून घ्यावी लागते. आमच्या समितीसमोर एका पुरवठादाराचा ई-ग्रंथसंचाचा प्रस्ताव आला असता त्याच्या माहितीपत्रकात ‘खरेदी’ हा शब्द होता आणि करारनाम्यात ‘एक वर्षाचा प्रवेश’. दोन्ही कागद एकाच लिफाफ्यात होते.

वाचकाची नोंद, वाहनाची नोंद

पूर्वी पुस्तकाच्या शेवटी चिकटविलेल्या कागदावर तारखांचे शिक्के असत. काही ग्रंथालयांत पुस्तकपत्रावर नेणाऱ्याचे नावही असे, त्यामुळे आपल्याआधी हे पुस्तक कोणी वाचले ते कळे आणि क्वचित त्यातून मैत्रीही होई. ती नोंद उघडी होती, परंतु ती त्या एका पुस्तकापुरती होती. आजची नोंद वाचकाला दिसत नाही. ती प्रणालीच्या पोटात असते. एका विद्यार्थ्याने तीन वर्षांत काय काय वाचले, किती वाजता वाचले, कोणत्या पानावर थांबला, हे सारे एकत्र काढता येते. वाहनतळावरील वाहन क्रमांकाच्या नोंदींतूनही एखादी व्यक्ती रुग्णालयात किती वेळा गेली, न्यायालयापाशी किती वेळ थांबली, हे समजू शकते. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे. ग्रंथालयाच्या दृष्टीने त्याहून साधा उपाय हाताशी आहे. पुस्तक परत आले व दंडाचा प्रश्न नसला की, त्या व्यवहारातून वाचकाचे नाव काढून टाकण्याची सोय ‘कोहा’मध्ये उपलब्ध आहे. ती वापरायची की नाही, हे ग्रंथालय समितीने ठरवायचे असते. अनेक समित्यांपुढे हा विषय कधी आलेलाच नाही.

यंत्रणा थांबते तेव्हा

ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सायबर हल्ला झाला. हल्लेखोरांनी खंडणी मागितली, ग्रंथालयाने ती दिली नाही आणि सुमारे ६०० गीगाबाइट माहिती चोरांनी उघड केली. मुख्य तालिका जवळजवळ अडीच महिने बंद होती. १५ जानेवारी २०२४ रोजी ती केवळ पाहण्यापुरती परत आली आणि अन्य सेवा पूर्ववत होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला. लक्षावधी ग्रंथ जागच्या जागी होते, इमारत उघडी होती, कर्मचारी हजर होते. पण कोणता ग्रंथ कोठे आहे हे सांगणारी नोंद नसल्याने त्यांतील बहुसंख्य ग्रंथ वाचकाच्या हाती येऊ शकत नव्हते. वाहनतळावरील यंत्रणा बंद पडली, तर आपल्याकडे पावतीपुस्तक घेतलेला माणूस पाच मिनिटांत फाटकाशी उभा राहतो. ग्रंथालयाची नोंद अशी तात्काळ माणसाच्या हाती घेता येत नाही. ती आधीपासून कोठेतरी लिहिलेली असावी लागते.

आमच्या महाविद्यालयात संगणकीकरण पूर्ण झाल्यावर दाखलनोंदवही बंद करावी, असा विषय दोन वर्षांपूर्वी ग्रंथालय समितीच्या बैठकीत आला होता. प्रस्तुत लेखिकेचे मत त्या वेळी प्रस्तावाच्या बाजूने होते, कारण तेच काम दोनदा करण्यात लिपिकाचा वेळ जातो असे वाटत होते. ग्रंथपालांनी मात्र फारसा वाद न घालता जुनी वही टेबलावर आणून ठेवली. तीत पहिल्या दाखल क्रमांकापासूनचे प्रत्येक पुस्तक, त्याची किंमत, विक्रेता आणि कोठे कोठे शेवटच्या रकान्यात ‘गहाळ’ अशी तांबड्या शाईतील नोंद होती. संगणकातील नोंदींत ती गहाळ पुस्तके ‘उपलब्ध’ होती. विषय पुढील बैठकीसाठी तहकूब झाला. वही अजून चालू आहे, आणि त्या तांबड्या नोंदी संगणकात चढविण्याचे काम या सत्रात हाती घेतले आहे.